भिंतीत जाणाऱ्या गोष्टी आधी ठरवा

नव्या घराचे बांधकाम काढणाऱ्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. उरलेल्या पत्रांतील बहुतेक शंका याच पाच प्रश्नांत कोठे ना कोठे येऊन जातात.

प्रश्न १ : आमच्या दोन मजली घराचा नकाशा जवळजवळ तयार आहे आणि पुढच्या महिन्यात पाया खणायला सुरुवात होईल. घरी येणारा प्रत्येक जण एखादी नवी सोय सुचवून जातो. आमची यादी आता चार पानांची झाली आहे आणि हाताशी असलेल्या पैशांत ती सगळी बसणार नाही. काय आत्ताच करून घ्यावे आणि काय मागे ठेवले तरी चालेल, हे कसे ठरवावे?

उत्तर : आपल्या यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहा : ही गोष्ट पाच वर्षांनी करायची ठरवली, तर त्यासाठी काय फोडावे लागेल? काहीच फोडावे लागणार नसेल, तर ती खुशाल मागे ठेवा. दिवे, पडदे, रंग, कपाटांची दारे, नळांच्या तोट्या हे सारे सवडीने करता येते. भिंत किंवा फरशी फोडावी लागणार असेल, तर त्या गोष्टीची निदान पूर्वतयारी आत्ताच करून ठेवा. आणि खांब, तुळई किंवा जिना यांना हात लावावा लागणार असेल, तर ती गोष्ट यादीत सर्वांत वर घ्या, मग ती आज कितीही किरकोळ वाटो. पैशांची ओढाताण सुरू झाली की लोक नेमके उलटे करतात, असा माझा अनुभव आहे. पहिली कात्री भिंतीआड जाणाऱ्या पाइपांना लागते, कारण ते कोणाला दिसत नाहीत, आणि दिवाणखान्यातील भारी फरशीचा हट्ट मात्र शेवटपर्यंत टिकून राहतो.

पाया खणण्याआधी एक सकाळ राखून ठेवा. मोकळ्या जागेवर फक्कीने खोल्यांच्या भिंती, दारे आणि जिना खऱ्या मापात आखा. पलंग, टेबल आणि कपाट यांच्या मापाला जुळतील अशी जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून त्या त्या जागी पसरा, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवा आणि मग त्या आखलेल्या घरात घरातील सर्वांनी तासभर वावरून पाहा. मागे एका कुटुंबाबरोबर मी हे केले, तेव्हा घरातील शाळकरी मुलगी आपल्या खोलीत शिरली, पलंगाच्या कागदापाशी थांबली आणि म्हणाली, “कपाट उघडलं तर मी उभी कुठं राहू?” पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ४५ सेंटिमीटर जागा सोडलेली होती आणि कपाटाचे दार ५० सेंटिमीटर रुंद होते. कागदावर हे आम्हा कोणाच्याच लक्षात आले नव्हते. फक्कीची एक रेघ पायाने पुसून दुसरी मारली आणि प्रश्न मिटला. तीच भिंत विटांची झाल्यावर ते इतक्या सहज झाले नसते.

मापांमध्ये जिन्याकडे विशेष लक्ष द्या, कारण जिना एकदा ओतला की तो तसाच राहतो. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटरच्या दरम्यान आली, तर जिना पायांना सुखाचा वाटतो. माणसाच्या सहज पावलावरून हा हिशेब सतराव्या शतकात फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाने मांडला आणि किरकोळ फरकाने तो आजही वापरला जातो. १६ सेंटिमीटर उंचीची आणि ३० सेंटिमीटर रुंदीची पायरी या हिशेबात नेमकी बसते. मात्र याहूनही महत्त्वाचे हे, की एका जिन्यातील सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. दोन पायऱ्या चढल्यावर पाय ती उंची धरून ठेवतो आणि पुढे डोळ्यांची मदत न घेता चालतो. मग एकच पायरी सेंटिमीटरभर कमीजास्त असली तरी माणूस अडखळतो. ही चूक बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीत होते, कारण जिना ओतताना त्यावर येणाऱ्या फरशीची जाडी धरलेली नसते. फरशीची निवड नंतर करा, परंतु तिची जाडी आत्ता ठरवून गवंड्याला सांगा. जिन्याच्या दिव्याला खाली आणि वर असे दोन्हीकडून चालणारे बटण हवे, हेही वायरमनला आत्ताच सांगावे लागेल.

पूर्वतयारी म्हणजे काय, ते विजेच्या उदाहरणाने सांगतो. आज आपल्याला सौर पॅनेल नको असतील, विजेवर चालणारी गाडी नसेल, वातानुकूलन फक्त एका खोलीत हवे असेल. तरीही गच्चीपासून मुख्य विद्युत पेटीपर्यंत आणि पेटीपासून गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंत एकेक रिकामा पाइप भिंतीत टाकून ठेवा, त्यात ओढणीची तार सोडा आणि दोन्ही तोंडे झाकून ठेवा. पेटीतही काही घरे मोकळी ठेवा. असा रिकामा पाइप साऱ्या बांधकामातील स्वस्तातल्या वस्तूंपैकी एक असतो आणि पुढे तोच पाच खोल्यांचा गिलावा वाचवतो. चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी (वीज बाहेर गळू लागताच प्रवाह तोडणारे उपकरण) यांना मात्र मागे ठेवण्याच्या यादीत कधीही घालू नका. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारी कळ, तारांना जळण्यापासून वाचवते. विजेचा धक्का बसलेल्या माणसासाठी आरसीसीबीच लागते.

गरम पाण्याच्या बाबतीत अंतर हीच सोय आहे. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे १७५ मिलिलिटर पाणी मावते. गीझर आणि नळ यांच्यात १५ मीटर पाइप असेल, तर गरम पाणी हाती येण्याआधी अडीच लिटरांहून अधिक थंड पाणी वाहून जाते, तेही प्रत्येक वेळी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरे नकाशावर एकमेकांना लागून किंवा एकावर एक घेतली, तर पाइप आखूड होतात, सांडपाण्याचे पाइप एकाच जागी उतरतात आणि पुढे गळती शोधणे सोपे जाते. मजल्यागणिक आणि प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र बंद-चालू करणारा व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे एक तोटी बदलण्यासाठी साऱ्या घराचे पाणी तोडावे लागणार नाही.

गच्चीवर पाण्याची टाकी कोठे येणार, हेही स्लॅब पडण्याआधी सांगितले पाहिजे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते खांब आणि तुळयांच्या आधारावर हवे, स्लॅबच्या मधोमध नव्हे.

प्रश्न २ : आम्ही तिशीतले पतिपत्नी आहोत. आमच्याबरोबर सासूबाई राहतील. त्या आज पूर्ण धडधाकट आहेत. तरीही त्यांच्या वयाचा विचार करून घरात कोणत्या सोयी ठेवाव्यात? आजारी माणसाच्या घरासारखे ते दिसू नये, अशी त्यांचीच इच्छा आहे.

उत्तर : सासूबाईंची इच्छा रास्त आहे आणि ती पूर्णपणे पाळता येईल, कारण म्हातारपणी लागणाऱ्या सोयींपैकी बहुतेक सोयी नुसत्या मोकळ्या जागेच्या असतात आणि त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. शिवाय पाय मोडून घरी आलेल्या तरुणाला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला आणि जड खोके उचलून आणणाऱ्या कोणालाही त्या तितक्याच उपयोगी पडतात.

तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर व शौचालय हवेच. आज तेथे अभ्यासिका करा, पाहुण्यांची खोली करा, पण जिना न चढता ज्यात राहता येईल अशी एक जागा घरात असू द्या. दारे उघडल्यावर चौकटीत निदान ८० ते ८५ सेंटिमीटर मोकळी रुंदी मिळाली पाहिजे. ९० मिळाली तर उत्तम. न्हाणीघराचे दार सर्वांत अरुंद ठेवण्याची रीत पडली आहे आणि ती चुकीची आहे, कारण चाकांची खुर्ची, कुबड्या किंवा आधार देणारा दुसरा माणूस यांना सर्वांत आधी त्याच दारातून जावे लागते. खुर्ची जागच्या जागी वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढी एक जागा खोलीत आणि शक्य झाल्यास न्हाणीघरातही राहू द्या.

आता न्हाणीघराच्या दाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे मी जवळून पाहिले आहे. परिचितांच्या घरी एक आजी न्हाणीघरात घसरल्या आणि बंद दाराला पाठ लागून पडल्या. दार आत उघडणारे होते. बाहेरून ढकलावे तर दार त्यांच्याच अंगावर जाणार, बिजागऱ्या आतल्या बाजूला, कडीही आतून. त्यांचा आवाज ऐकू येत होता, त्या उत्तर देत होत्या, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. शेवटी सुतार आला, त्याने दाराची खालची फळी करवतीने कापून काढली आणि नातू त्या भोकातून आत सरपटत गेला. या साऱ्याला पाऊण तास लागला. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असते, तर हा पाऊण तास गेलाच नसता. त्या दिवसापासून मी प्रत्येक नकाशावर न्हाणीघराचे दार आधी पाहतो. दार बाहेर उघडणारे घ्या आणि कडी अशी बसवा, की अडचणीच्या वेळी ती बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून उघडता येईल.

आधाराच्या दांड्या आज बसवू नका. सासूबाईंना नको आहेत, तर नकोतच. फक्त कमोडच्या बाजूच्या आणि शॉवरजवळच्या भिंतींत, जमिनीपासून ७० ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, भरीव काँक्रीट किंवा भरीव विटा वापरायला सांगा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत बसवलेली दांडी माणसाच्या पूर्ण भाराने उपटून येते आणि तिच्या भरवशावर उभा राहिलेला माणूस दांडीसकट पडतो. भिंत आतून भक्कम असली, की पुढे कधीही चार स्क्रूंत काम होते. कमोडच्या बैठकीची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर असली तर उठताना गुडघ्यांवर कमी ताण येतो. फरशी खरखरीत घ्या आणि ती दुकानात कोरडी पाहून ठरवू नका. एक तुकडा ओला करून, त्यावर साबणाचे दोन थेंब टाकून, अनवाणी पायाने चाचपून पाहा.

मुख्य दारापाशी जोत्याच्या पायऱ्या असतील. त्यांच्या बाजूला उताराची जागा मोकळी सोडा, उतार आज बांधला नाही तरी चालेल. हाताने खुर्ची ढकलण्यासाठी एकास बारा हा उतार सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उताराला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागते, आणि वर दारासमोर दीड मीटरचा सपाट भाग लागतो तो वेगळा. ही लांबी ऐकून पुष्कळांना धक्का बसतो; म्हणूनच कुंपण आणि फाटक यांची जागा ठरण्याआधी तिचा विचार करावा लागतो. घराच्या आत मात्र कोठेही एका पायरीचा चढउतार ठेवू नका. सलग पायऱ्या माणूस पाहून चढतो. दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यातली एकुलती एक पायरी त्याच्या ध्यानात राहत नाही.

प्रश्न ३ : स्वयंपाकघराच्या ओट्याची योग्य उंची किती? माझी उंची आणि माझ्या पतीची उंची यांत बराच फरक आहे आणि आम्ही दोघेही स्वयंपाक करतो.

उत्तर : ओट्याची उंची सेंटिमीटरमध्ये सांगण्यापेक्षा कोपरापासून मोजणे बरोबर. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवा. कोपराच्या खाली १० ते १५ सेंटिमीटरवर ओटा आला, तर चिरण्याचे काम खांदे न उचलता आणि कंबर न वाकवता होते. बहुतेकांसाठी हे माप ८५ ते ९० सेंटिमीटरच्या आसपास येते. परंतु साऱ्या कामांना एकच उंची सोयीची नसते. शेगडीवर भांडे चढले की हात आणखी वर जातो, म्हणून शेगडीखालचा भाग पाच-सात सेंटिमीटरने खाली असलेला बरा. सिंकच्या बाबतीत उलट आहे : आपण काम ओट्याच्या पातळीवर करीत नाही, सिंकच्या तळाशी करतो, आणि तो तळ १८ ते २० सेंटिमीटर खाली असतो. भांडी घासून कंबर दुखते, त्याचे कारण बहुधा हेच असते. आपल्या घरात सिंकचा भाग उंच व्यक्तीच्या मापाने आणि शेगडीचा भाग कमी उंचीच्या व्यक्तीच्या मापाने घेतला, तर दोघांचीही सोय होईल. ओट्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या पातळीवर केल्याने दिसायला बिघडते, असे सुतार म्हणेल. त्याला तेथे रोज उभे राहायचे नाही, एवढे लक्षात ठेवा.

दोघे एकाच वेळी काम करणार असाल, तर समोरासमोरच्या ओट्यांमध्ये किंवा ओटा आणि भिंत यांच्यामध्ये १२० सेंटिमीटर जागा ठेवा. त्याहून फार मोठे स्वयंपाकघर सोयीचे असतेच असे नाही. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट शहरातील वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. काम करताना पडणारी पावले आणि लागणारा वेळ मोजून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती, आणि आजच्या बांधीव ओट्याचे व कपाटांचे मूळ तेथे आहे. आपणही नकाशावर शीतकपाट, सिंक आणि शेगडी या तीन जागा पेन्सिलीने जोडून पाहा. ते अंतर फार वाढले नसेल आणि घरातली ये-जा त्या त्रिकोणातून होत नसेल, तर आखणी बरी झाली आहे.

दिवा डोक्यामागे छताला असला की स्वतःचीच सावली चिरण्याच्या फळीवर पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी पुढच्या कडेला दिव्याची पट्टी येईल, अशी तार आत्ताच काढून ठेवा. चिमणीचा पाइप थेट बाहेर जाईल, आखूड राहील आणि त्याला कमीत कमी वळणे येतील, अशी भिंत शेगडीसाठी निवडा.

प्रश्न ४ : सध्याच्या घरात न्हाणीघराखालच्या खोलीचे छत सतत ओले असते आणि वरच्या मजल्यावरील न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरातून दुर्गंधी येते. नव्या घरात हे दोन्ही टाळायचे आहे. पश्चिमेकडील खोली दुपारनंतर भट्टीसारखी तापते, तिचेही काही करता येईल का?

उत्तर : दुर्गंधीचे कारण साधे आहे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतील जाळीखालच्या वाकड्या भागात, सुमारे पाच सेंटिमीटर पाणी साचून राहते आणि तेच गटारातील वायूला अडवते. न्हाणीघर वापरले नाही तर ते पाणी सुकते आणि वाट मोकळी होते. सध्याच्या घरात आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. नव्या घरात गरजेपेक्षा जास्त न्हाणीघरे बांधू नका आणि सांडपाण्याच्या उभ्या पाइपाला गच्चीच्या वर नेलेले हवेचे तोंड ठेवा, नाही तर पाण्याचा मोठा लोंढा खाली जाताना ट्रॅपमधील पाणी ओढून नेतो.

ओल टाळण्यासाठी जलरोधक थर फरशीपुरता न थांबवता भिंतीवर निदान ३० सेंटिमीटर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर न्यावा. पाइप जेथे स्लॅबमधून खाली जातो, ती कड सर्वांत कच्ची असते; ते काम उभे राहून करवून घ्या. थर वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून तीन ते पाच सेंटिमीटर पाणी भरा, पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीने करा आणि ४८ तास थांबा. खालून ओल दिसली, तर फरशी बसण्याआधी ती दिसली हे आपले भाग्य समजा. पाण्याच्या पाइपांचीही गिलाव्याआधी दाब देऊन परीक्षा घ्या. न्हाणीघराच्या फरशीचा ढाळ ट्रॅपकडे आहे की नाही, हे कंत्राटदाराच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका. बादलीभर पाणी ओता आणि ते कोठे थांबते ते पाहा. गच्चीला एकास शंभर, म्हणजे पाच मीटरला पाच सेंटिमीटर, इतका ढाळ हवा. पाणी उतरण्याचे एक तोंड पाल्याने बुजले तरी दुसऱ्याने निभावेल, अशी दोन तोंडे ठेवा. गच्चीवरचे पाणी साठवायचे असल्यास हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर.

पश्चिमेच्या खोलीला आडवा छज्जा फारसा उपयोगी पडत नाही, कारण मावळतीकडे झुकलेला सूर्य छज्ज्याच्या खालून आत येतो. तेथे खिडकी लहान घ्या, बाहेरच्या बाजूला उभ्या पट्ट्या किंवा झडपा लावा, आणि जमले तर त्या बाजूला जिना, कोठीची खोली किंवा न्हाणीघर ठेवून राहत्या खोल्यांना त्यांच्या आडोशाला घ्या. पडद्याने हे काम होत नाही. काचेच्या आत आलेली उष्णता आतच राहते. वाऱ्यासाठी दोन वेगळ्या भिंतींना खिडक्या हव्यात, आणि दार लावून झोपणाऱ्यांसाठी दाराच्या वर उघडणारी झडप हवी.

प्रश्न ५ : घर पूर्ण झाल्यावर भिंतीत काय कोठे आहे, हे लक्षात कसे ठेवायचे?

उत्तर : गिलावा होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीचे समोरून छायाचित्र काढा. भिंतीला मोजपट्टी लावून ठेवा, म्हणजे कोपऱ्यापासूनचे आणि जमिनीपासूनचे अंतर छायाचित्रातच वाचता येईल, आणि खोलीचे नाव व भिंतीची दिशा खडूने भिंतीवरच लिहा. फरशी बसण्याआधी जमिनीची छायाचित्रेही अशीच घ्या. ती मोबाइलमध्येच राहिली तर मोबाइलबरोबर जातील, म्हणून त्यांच्या छापील प्रती नकाशाबरोबर एका पाकिटात घालून विद्युत पेटीच्या कपाटात ठेवा. दहा वर्षांनी भिंतीला खिळा ठोकायला येणारा माणूस आधी तेथेच उभा राहणार आहे.